अर्थाचा दिवा

“साहेब, घराला कुलूप होते,” हे वाक्य माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा ऐकले याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. परंतु वीज कचेरीतील ज्या खिडकीमागे माझा उमेदीचा काळ गेला, तिच्या गजांना वाचा फुटली असती तर त्यांनी प्रथम हेच वाक्य उच्चारले असते, याविषयी मला संदेह नाही. फुगलेले बिल हाती पडलेला मनुष्य घरून निघतो तेव्हा केवळ विस्मित असतो, पण कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत त्याच्या विस्मयाची फिर्याद झालेली असते, आणि रांगेतल्या समदुःखितांच्या साक्षी ऐकता ऐकता ती इतकी पक्की होते की खिडकीपाशी पोहोचल्यावर तो प्रश्न विचारीत नाही, निकालच सांगतो. कोणी म्हणे, घरात दोनच दिवे आहेत. कोणी म्हणे, पंखा जळून महिना झाला. आणि ज्याच्यापाशी सर्वांत बळकट पुरावा असे तो म्हणे, घराला कुलूप होते. यावर मी कपाळावर चढवलेला चष्मा नाकावर घेई, बिलावरचे चालू व मागील वाचन खतावणीशी ताडून पाही, वजाबाकी एकदा स्वतः करी, आणि बहुधा मान वर न करताच उत्तर देई, “मीटर बरोबर आहे.” हे उत्तर बहुतेक वेळा खरेच असे. खरे उत्तर देऊनही मनुष्य चुकू शकतो हे समजण्यासाठी मात्र मला सेवानिवृत्त व्हावे लागले, आणि एकदा माझ्याच घराला कुलूप लागावे लागले.

१९८४ साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, त्या वेळी घरोघरी काळ्या पेटीतले चकतीचे मीटर होते. काचेआड ॲल्युमिनियमची एक पातळ चकती आडवी फिरत असे आणि तिच्या कडेवरील रंगीत खूण समोरून गेली की एक फेरा पुरा झाला असे समजत. विजेचा खप वाढला की चकती वेगाने फिरे, कमी झाला की रेंगाळे, आणि दिवे मालवून घर निजले की तीही निजे. खेड्यातून आलेला निरक्षर मनुष्यसुद्धा त्या चकतीकडे पाहून आपल्या घरातील विजेची चाल ओळखू शकत असे. किंबहुना मीटर ‘पळतो’ हा आमच्याकडचा शब्दप्रयोग त्या चकतीमुळेच रूढ झाला असावा. पुढे चकत्या गेल्या, मिणमिणत्या ठिपक्याचे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. २००५ च्या जूनमध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि पाट्या बदलल्या. हस्तलिखित खतावण्यांची बाडे बासनात जाऊन संगणक आला. बिलावर मीटरचे छायाचित्रही येऊ लागले. खिडकी मात्र तीच राहिली आणि तिच्या दोन बाजूंची दोन वाक्येही तीच राहिली.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात, व माझी नोकरी दोन्हीकडे झाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूला हवा सौम्य. घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर, शेगाव हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या जमिनीचा मुलूख, आणि तेथील वैशाख म्हणजे भट्टीचे उघडे तोंड. घाटावरील कचेरीत मेअखेर ज्या खिडकीवर माशा बसत, तीच खिडकी घाटाखाली त्या दिवसांत श्वास घेऊ देत नसे. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरात चैत्रापासून मृगापर्यंत कूलर अहोरात्र घरघरत असतो. पंखा व पाण्याची मोटर मिळून तो दोनशे वॉटच्या आसपास वीज घेतो. तो दिवसाचे पंधरा तास चालला तर तीन युनिटे होतात, आणि महिन्याची नव्वद. ज्या घराचा नेहमीचा खप ऐंशी युनिटांचा, ते घर त्या महिन्यात एकशे सत्तरावर जाते. खप दुप्पट झाला म्हणून रक्कम दुप्पट होईल अशी गृहस्थाची समजूत असते, परंतु विजेचा दर हा किराणा दुकानातील साखरेच्या दरासारखा सरळ नसून जिन्यासारखा पायरीपायरीने चढणारा आहे. उदाहरणार्थ, राज्यात १ एप्रिल २०२० पासून जे दरपत्रक अमलात आले त्यात घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ३ रुपये ४६ पैसे होता, आणि १०१ ते ३०० या टप्प्याला तोच ७ रुपये ४३ पैसे. शिवाय वहन आकार, स्थिर आकार आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क. शंभरावे युनिट आणि एकशे एकावे युनिट यांनी पेटवलेला दिवा सारखाच उजेड देतो, पण त्यांची किंमत सारखी नसते. ही गोष्ट समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि खिडकीपुढे चाळीस माणसांची रांग असता तीच पाच मिनिटे कोणाहीपाशी नसतात.

त्या पाच मिनिटांअभावी काय घडते याचा प्रचंड प्रत्यय सबंध राज्याला २०२० च्या उन्हाळ्यात आला. तोपर्यंत मी निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. मार्चअखेर टाळेबंदी लागू झाली, घरोघर जाऊन मीटर वाचणे थांबले, आणि आदल्या महिन्यांच्या सरासरीने बिले काढावीत असे ठरले. ती सरासरी हिवाळ्याची होती. म्हणजे ज्या दिवसांत वऱ्हाडी मनुष्य पंखासुद्धा बंद ठेवून गोधडीत शिरतो, त्या दिवसांच्या मापाने त्याला चैत्र-वैशाखाची बिले मिळाली, आणि तीही त्या वर्षी, ज्या वर्षी सारे कुटुंब चोवीस तास घरात कोंडलेले होते. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा मधल्या साऱ्या महिन्यांचा खरा खप एकदम अंगावर आला. त्यात एप्रिलपासून दरही बदललेले. टप्प्यांचा लाभ महिन्यांच्या संख्येने गुणून दिलेला होता, म्हणजे तीन महिन्यांच्या एकत्रित बिलात पहिल्या दराने शंभर नव्हे, तीनशे युनिटे धरली होती, आणि मधल्या बिलांपोटी भरलेली रक्कम वजाही केली होती. परंतु हे सर्व त्या कागदाच्या एका कोपऱ्यात आकड्यांच्या इतक्या दाटीत बसवलेले होते की ते वाचण्यापेक्षा राज्यभर मोर्चे निघणे अधिक सोपे ठरले. गावातले लोक तोंडाला रुमाल बांधून माझ्या ओसरीवर येत, अंतर राखून ओट्याच्या कडेला बसत, आणि मी एकेका बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब मांडून देई. कित्येकांच्या रकमेत माझ्या हिशेबाने एका पैशाचाही फरक पडला नाही. तरीही जाताना ते शांत होऊन जात. एक शेजारी, जो येताना मीटरच उखडून फेकण्याची भाषा करीत होता, तो कागद घडी करून खिशात घालीत म्हणाला, “आता भरतो, भाऊ. देनं लागते हे तं समजलं.” त्या वेळी त्या वाक्याचे मला केवळ समाधान वाटले, त्याने मला काही शिकवले आहे हे ध्यानात येण्यास आणखी दोन वर्षे जावी लागली.

येथे मला मागे जाऊन एका वृद्ध स्त्रीची हकिकत सांगितली पाहिजे. नव्वदीच्या दशकातील एका भाद्रपदात, घाटाखालील कचेरीत मी होतो तेव्हाची ही गोष्ट. लुगड्याच्या सोग्याने पावसाचे पाणी निपटीत ती खिडकीशी आली, आणि कमरेच्या केळात खोचलेले बिल काढून तिने गजातून आत सरकवले. “साहेब, म्या तं लेकीच्या बाळंतपनाले गेली होती, सारा महिना घराले कुलूप होतं, मंग हे लाईट जायली कोनं?” असे तिने विचारले. तिच्या स्वरात फिर्याद नव्हती. मी आता ते वाक्य आठवतो तेव्हा ध्यानात येते की रांगेतल्या साऱ्या माणसांत तिने एकटीनेच खराखुरा प्रश्न विचारला होता. मी चष्मा नाकावर घेतला, वजाबाकी केली, ती बरोबर निघाली. तरी तिचे समाधान होईना, म्हणून रीतसर अर्ज लिहून घेतला, बारनिशीत चढवला, आणि मीटर तपासणीसाठी पाठवला. १९५६ च्या वीज नियमांत मीटरची चूक तीन टक्क्यांच्या आत असावी असा दंडक होता. तिचा मीटर त्या मर्यादेत निघाला. मी प्रकरणावर शेरा लिहिला, ‘मीटर योग्य, देयक कायम.’ शेरा लिहिताना माझा हात कचरला नाही, आणि कचरण्याचे कारणही नव्हते, कारण त्या चार शब्दांतला एकही शब्द खोटा नव्हता. तिला तीन हप्ते करून दिले, याबद्दल स्वतःला मनोमन दयाळूही समजलो. तिसरा हप्ता भरून जाताना तिने पुन्हा तोच प्रश्न केला, “पर साहेब, जायली कोनं?” मी म्हणालो, “आजी, मीटर कधी खोटं बोलत नाही.” ती काही बोलली नाही, पावती केळात खोचून निघून गेली.

आता माझ्या स्वतःच्या बिलाकडे वळतो. माझे घर संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. ज्यांनी हा प्रदेश पाहिला नाही त्यांना सांगावे लागेल की येथील विहिरीचे पाणी तोंडात घेतले की समुद्राची आठवण व्हावी, असे क्षार येथील भूमीच्या पोटात साठलेले आहेत. भिंतींना पांढरा लोणा फुटतो, लोखंड लवकर सडते, आणि पिण्याचे पाणी ही येथील पिढ्यान्‌पिढ्यांची चिंता आहे. २०२२ साली, दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी पुन्हा सुरू होऊन शेगावची पालखी पंढरीच्या वाटेला लागली होती; मृगाच्या सरी दोनदा येऊन गेल्या होत्या; आणि आम्ही उभयता शेगावहून गाडी धरून मुलाकडे पुण्यास महिनाभर राहण्यास गेलो. निघताना सौभाग्यवतीने शीतकपाट रिकामे करून त्याचे दार उघडे ठेवले, मी सारी बटणे तीन वेळा तपासली, आणि चौतीस वर्षे विजेच्या खात्यात काढलेल्या मनुष्यास शोभेल अशा निश्चिंतीने कुलूप लावले. मुख्य स्विच खाली करावा हे मात्र सुचले नाही. सर्व बटणे बंद असता मुख्य स्विच चालू राहिला तर काय बिघडते, असा प्रश्न तेव्हा कोणी केला असता तर मी हसलो असतो.

परत आलो तेव्हा दाराच्या फटीतून सरकवलेले बिल ओसरीवर पडले होते. मीटर ओट्याच्या बाहेरच्या भिंतीवर असल्यामुळे कुलूपबंद घराचेही वाचन यथासांग झाले होते. नेहमी नव्वद-पंच्याण्णव युनिटांत आटोपणाऱ्या माझ्या घराने, आत कोणी नसताना, २५४ युनिटे जाळली होती, आणि सहाशे-सातशेच्या घरात राहणारी रक्कम दोन हजारांच्या पुढे गेली होती.

त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार कोणता आला हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो, कारण अनुभव सांगण्यास बसलेल्या मनुष्याने निदान तेवढे तरी लपवू नये: माझ्या मनात आले की मीटर बिघडला आहे. ज्या मीटरची वकिली मी आयुष्यभर केली, तो माझ्या दारात येताच लबाड ठरण्यास अर्धा क्षणही लागला नाही. चप्पल घालून मी तालुक्याच्या कचेरीत गेलो, रांगेत उभा राहिलो, आणि माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडले ते मी योजलेले नव्हते. “बाबा रे, घराला कुलूप होतं,” मी म्हणालो. खिडकीमागचा तरुण सुशील होता, त्याने संगणकावर माझा ग्राहक क्रमांक टाकला, मीटरचे छायाचित्र पाहिले, वाचन पडताळले, आणि अत्यंत नम्रतेने म्हणाला, “काका, मीटर बरोबर आहे.” त्याचे काहीही चुकले नव्हते. त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, म्हणालोही होतोच. परंतु गजांच्या बाहेरच्या बाजूने ऐकताना ते वाक्य वेगळेच ऐकू येते. आत बसलेल्याला ते मीटरविषयीचे विधान वाटते. बाहेर उभ्या असलेल्याला ते स्वतःविषयीचे वाटते. मीटर बरोबर आहे, म्हणजे तू खोटा आहेस, किंवा तुला तुझ्याच घरात काय चालते याची शुद्ध नाही, असा त्याचा ध्वन्यर्थ होतो, आणि बोलणाऱ्याच्या तो स्वप्नातही नसतो.

कायद्याने मला मार्ग होते आणि ते मला पाठ होते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पुरत्या पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वादातली रक्कम हरकत राखून भरता येते. तपासणीसाठी अर्ज करता येतो, आणि तेथे समाधान न झाल्यास तक्रार निवारण मंचाकडे व पुढे विद्युत लोकपालांकडे जाता येते. अर्जाचा मसुदा मी घरी येता येता मनात तयारही केला. परंतु ओट्याशी आल्यावर मीटरपुढे उभा राहिलो, आणि निदान अर्जात लिहिण्यापुरते तरी वाचन उतरून घ्यावे म्हणून चष्मा नाकावर घेतला, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. मीटरच्या दर्शनी भागावर खपाबरोबर मिणमिणणाऱ्या ठिपक्याशेजारी आणखी एक बारीक तांबडा ठिपका असतो. तो एरवी विझलेला असतो. जी वीज एका तारेने घरात गेली ती दुसऱ्या तारेने पुरती परत आली नाही, वाटेत कोठेतरी जमिनीत गेली, तरच तो पेटतो. जमिनीला इंग्रजीत जो शब्द आहे तो आमच्या वायरमन मंडळींनी कधीच मराठी करून टाकलेला आहे, आणि त्यामुळे त्या ठिपक्याला सारेजण ‘अर्थचा दिवा’ म्हणतात. माझ्या मीटरवर अर्थचा दिवा लागलेला होता. कदाचित महिनाभर, कुलूपबंद घराच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो लागून राहिला होता.

अर्ज बाजूला राहिला. मी घरातली सारी बटणे बंद केली आणि हातात घड्याळ घेऊन मीटरपुढे स्टूल मांडून बसलो. खपाचा ठिपका मिणमिणतच होता, मिनिटाला सुमारे अठरा वेळा. मीटरवर लिहिलेले असते त्याप्रमाणे माझ्या मीटरला एका युनिटास ३,२०० मिणमिणी लागतात. म्हणजे तासाला एक हजार ऐंशी, म्हणजे युनिटाचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे दिवसाला आठ युनिटे आणि तीस दिवसांची २४३. हिशेब २५४ शी तंतोतंत जुळला नाही, आणि निघण्यापूर्वीच्या दोन दिवसांचा आमचा वापर धरता जुळायला नकोच होता. पण चोराच्या पावलांचा माग लागण्याइतका तो खचित जुळला. मग मुख्य स्विच खाली केला. ठिपका थांबला. म्हणजे मीटर आपणहून पळत नव्हता; गळती माझ्या हद्दीतली होती. स्विच पुन्हा वर करून एकेक फ्यूज काढीत गेलो: बैठकीचा काढला, ठिपका चालू, स्वयंपाकघराचा काढला, चालू, परसदाराचा काढला, आणि ठिपका एकदम स्तब्ध झाला, जणू कोणी नाव घेऊन हाक मारावी आणि गुन्हेगाराने जागच्या जागी थबकावे.

परसदारी बोअरची मोटर आहे. तिच्या बटणपेटीपर्यंत जाणारी तार दहा वर्षांपूर्वी अंगणाखालून नळीत घालून नेली होती, आणि मोटर बंद असली तरी पेटीपर्यंत ती तार सदैव जिवंत असते. वायरमनने दुसऱ्या दिवशी येऊन अंगण उकरले. तुळशीवृंदावनापासून चार हातांवर घुशीने नळी फोडली होती, तारेचे आवरण बोटभर कुरतडले होते, आणि उघडे तांबे ओल्या काळ्या मातीत टेकलेले होते. उन्हाळ्यात ती माती भेगाळलेली व शुष्क असल्याने काही झाले नव्हते. मृगाने ती भिजवली आणि खारपाणपट्ट्याने तिला मीठ पुरवले. आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात वीज सुखाने जमिनीत उतरावी म्हणून मुद्दाम मीठ आणि कोळसा घालतो. माझ्या अंगणात निसर्गाने ती सिद्धता फुकट करून ठेवली होती. दीड अँपिअरच्या आसपास प्रवाह अहोरात्र भूमातेच्या उदरात जात होता. एवढ्याशा प्रवाहाने फ्यूज जळत नाही. आणि अशी गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडणारी जी आरसीसीबी नावाची लहानशी पेटी मिळते, ती दुसऱ्यांना बसवण्याचा सल्ला देणाऱ्या माझ्या घरी नव्हती.

वायरमन उकरलेल्या खड्ड्याकडे पाहत सहज म्हणाला, “काका, पैसे गेले ते गेले. मावशी रोज अनवाणी तुळशीला पाणी घालतात ना?” मी उत्तर दिले नाही. दोन हजार रुपयांच्या त्या बिलाकडे मी तोवर आपत्ती म्हणून पाहत होतो. ती आपत्ती नव्हती, ती आगाऊ वर्दी होती. घरात कोठेतरी मृत्यू उघड्या तारेच्या रूपाने दबा धरून बसला आहे, असे सांगण्याचे मीटरपाशी दोनच मार्ग होते, एक आकडा आणि एक तांबडा ठिपका. आणि ते दोन्ही त्याने वापरले होते.

तार बदलली, आरसीसीबी बसवली, बिल भरले. मीटर बरोबर असल्यामुळे एक पैसाही कमी होण्याचा प्रश्न नव्हता, आणि आश्चर्य असे की भरताना मला काडीमात्र दुःख झाले नाही. शेजाऱ्याचे ते वाक्य तेव्हा आठवले: देनं लागते हे तं समजलं. आपल्या भाषेत ‘देयक’ या शब्दाचा अर्थ जे दिले पाहिजे ते, इतकाच आहे. परंतु तो कागद दोन बाजूंनी देयक असतो, हे मला खिडकीमागे कधी उमगले नव्हते. वीज घेणारा रक्कम देणे लागतो, आणि ती मागणारा त्या रकमेचा उलगडा देणे लागतो. पहिल्या देण्याची वसुली आम्ही तगादे, नोटिसा व हप्ते यांनी चोख केली. दुसऱ्या देण्याची थकबाकी कोणत्याही खतावणीत चढली नाही, आणि म्हणून ती कधी वसूलही झाली नाही.

त्या थकबाकीत माझ्या नावावर निदान एक नोंद आहे. भाद्रपदातली ती वृद्धा, तिचे मातीच्या भिंतींचे घर, चार महिने ओल धरणाऱ्या त्या भिंतींतून गेलेली जुनी तार, आणि महिनाभराचे कुलूप. तिच्या घरातही वीज भिंतीतून जमिनीत जात होती काय? आज याचा पुरावा नाही आणि मिळणारही नाही. परंतु तिला त्या वेळी कोणी एवढेच सांगितले असते की, आजी, घरी जा, सारी बटणे बंद करा आणि चकतीकडे पाहत बसा; ती फिरत राहिली तर भिंतीला हात लावू नका आणि मला येऊन सांगा, तर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते. ते सांगण्याइतके ज्ञान माझ्यापाशी तेव्हाही होते. मीटरची चूक तीन टक्क्यांच्या आत आहे हे मी तपासले. तिच्या भिंतीला कोणी हात लावला नाही, कारण कचेरीची हद्द मीटरपाशी संपत होती आणि माझी जिज्ञासाही तेथेच संपली. ग्राहक क्रमांक पाठ असण्याबद्दल सहकाऱ्यांत माझी ख्याती होती. तिचा क्रमांक मला आज आठवत नाही. आठवतो तो केवळ गजातून आत आलेला, पावसाने भिजलेला हात, आणि पुन्हा विचारला गेलेला तोच एक प्रश्न.

आता माझ्या ओसरीवर बिले येतात ती पूर्वीइतकी नाहीत. लोक भ्रमणध्वनीवर पाहतात, तेथेच भरतात, तेथेच चडफडतात. तरी आषाढ-श्रावणात एखाददुसरा येतोच. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या आळीतला एक तरुण आला. तो सुरतेला कामाला असतो, आईला बरोबर घेऊन गेला होता, आणि परतल्यावर त्याला बिल मिळाले होते. कागद माझ्यापुढे धरून तो तावातावाने म्हणाला, “काका, दोन महिने घराले कुलूप होतं.” माझा हात सवयीने कपाळावरच्या चष्म्याकडे गेला. मग मी तो तेथेच राहू दिला, खुंटीवरचा टेस्टर खिशात घातला, आणि ओट्याखाली पायाने चाचपून चपला शोधल्या.

“चल,” मी म्हणालो, “आधी तुझा मीटर पाहू. आणि आईला सांग, मी येईपर्यंत परसात जाऊ नका.”